तार काढून दाखवा

धूर वर जायच्या ऐवजी खाली येत होता.

टेबलावरच्या ताम्हनातून तो उतू जात होता, कडेवरून खाली सांडत होता आणि पुढच्या रांगेतल्या बायांच्या मांडीवर येऊन विरत होता. बाया पदर पसरून तो झेलत होत्या. एकीनं ओंजळीत धरून लेकराच्या कपाळाला लावला. ओंजळ रिकामीच होती, पण लेकरू शहारलं. ताम्हनाच्या मधोमध, कशालाही न टेकता, एक चपटा चकचकीत लोहचुंबक हवेत तरंगत होता. त्याच्याभोवती तांबूस तारेचं वेटोळं होतं. महाराजांनी चुंबकाला बोट लावलं, तसा तो जागच्या जागी गरगर फिरायला लागला.

सिल्लोडच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडक्यांच्या गजांना धरून उभे होते.

"शिकलेले लोक याला काय म्हणतात?" तेजोनाथ महाराज माइकमध्ये म्हणाले. "सुपरकंडक्टर! एमआरआयचं मशीन असतं ना, करोडोंचं, त्याच्या पोटात हीच तार असते. खोटं वाटत असेल तर मोबाइलवर बघा. आणि ही तार तयार कशी करतात? हीट ट्रीटमेंट! हीट म्हणजे काय? अग्नी. ट्रीटमेंट म्हणजे काय? उपचार. अग्निउपचार! अरे, हे तर आपलंच होतं! गोऱ्यांनी नेलं, अर्धवट शिकले आणि भट्टीत भाजलं. भट्टीला मंत्र असतो का?"

"नाय!" लोक ओरडले.

"म्हणून त्यांची तार कच्ची. आणि कच्च्या तारेच्या मशीनीत घातलेला माणूस कच्चाच बाहेर येणार!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. त्याआधी महाराजांनी कच्ची तार दाखवली होती. तळाला लाल कापड चिकटवलेल्या ताम्हनात तारेचं वेटोळं ठेवलं, वर साधं गंगाजल ओतलं, चुंबक ठेवला. चुंबक तळाशी बसून राहिला. मग तीच तार होमात धरून लाल केली, मंत्र म्हटले, पाणी काढून टाकलेल्या ताम्हनात परत ठेवली आणि एका मोठ्या टाकीतून 'हिमगंगा' ओतली. धूर निघाला आणि चुंबक उठला. मीही डोळ्यांनी पाहिलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

त्याच तारेची कडी करून महाराज लोकांच्या मनगटात घालत होते. अग्निकडं. मुतखड्यापासून गाठीपर्यंत सगळ्यावर चालतं म्हणे. नियम एकच. एकदा घातलं की काढायचं नाही. काढलं तर रोग दुप्पट होऊन परत येतो.

माझ्या पुढं बायांच्या रांगेत सरिता बसली होती. तिच्या मनगटात ते कडं होतं, आणि मी तिथं आलो होतो तो त्या कड्यापायी.

सरिता माझी मेहुणी. तिला डाव्या डोळ्यानं कमी दिसायला लागलं होतं आणि डोकं ठणकत होतं. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यात काही नाही, मागून काहीतरी दाबतंय, लवकर एमआरआय करा. शहरात वेळ घेतली, मी सोबत गेलो. तिथल्या पोरीनं सांगितलं, "ताई, अंगावरचं धातूचं सगळं काढा." सरितानं कानातलं काढलं, जोडवी काढली, मंगळसूत्रही काढून माझ्या हातात दिलं. कड्यापाशी आली आणि थांबली. पोरगी म्हणाली, "ते पण काढावं लागेल." सरिता उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "भाऊजी, घरी चला."

मंगळसूत्र निघालं, कडं निघालं नाही. ते निघाल्याशिवाय तिला कुणी मशीनमध्ये घेणार नव्हतं, आणि तोवर डोळ्यामागचं जे काय होतं ते थांबून राहणार नव्हतं.

माझं नाव सोमनाथ. शहरात मुकुंदवाडी स्टेशनजवळ माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाची जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश देऊन भट्टीत वाळवायची, हे माझं काम. माझी बायको मंजुषा कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मेंदूतल्या गाठीनं ती मागच्या वर्षी गेली. सरिता तिची धाकटी बहीण. एकीला काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून दुसरीला त्या मशीनची भीती बसली होती, आणि त्या भीतीवर महाराजांचं कडं घट्ट बसलं होतं.

सरिताचा नवरा अप्पाराव मक्याचा व्यापारी. मी समजवायला गेलो तर तो म्हणाला, "साडूभाऊ, आधी डोळ्यानं पाहा, मग बोला." म्हणून मी तिथं बसलो होतो.

महाराजांनी एकाएकी डोळे मिटले. "इथं एक माणूस बसलाय," ते म्हणाले. "त्याची लक्ष्मी त्या मशीनीत गेली. शिकलेली होती. ह्याच तारेचा अभ्यास करायची."

माना वळायला लागल्या.

"ती गेली नाही, भक्ता. अडकली आहे. कच्च्या तारेत अडकली आहे. तू कडं घाल. ती सुटेल. स्वप्नात येईल, बोलेल तुझ्याशी."

हे त्याला अप्पारावनं सांगितलेलं आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. बाकी कुणाला ठाऊक असणार? तरी माझा हात गुडघ्यावरून उचलला गेला. बोलेल, एवढाच शब्द ऐकला आणि हात उचलला गेला. घर फार गप्प झालेलं असतं. मी हात खाली घेतला, पण सरिता मागं वळली होती. तिनं पाहिलं.

घरी आल्यावर चहा झाला. अप्पाराव खुशीत होता.

"पाह्यलं ना आता? चुंबक हवेत! कुठं दोरा नाय, कुठं तार नाय."

"तार तर व्हती," त्याची आई दगडाबाई म्हणाली. ती उंबऱ्यावर बसून कपबशीतला चहा फुंकत होती. म्हातारीच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि तिचं सगळं बोलणं त्यांच्यावरच यायचं. "अन धुराचं काय कौतुक सांगतो? तसला धूर आपल्या गोठ्यात बी निघतो."

"आई, तू गप बस."

"का म्हून गप बसू? म्हैस माजावर आली की जनावराचा डाक्टर टाकी घेऊन येतो का नाय? झाकण उघडलं की हाच धूर, असाच खाली पडतो. त्यातून कांडी काढतो, म्हशीला भरतो अन जातो. मंग तो डाक्टर बी महाराज का? का आपली म्हैसच देवी म्हनायची?"

सरिताला हसू फुटलं. लगेच तिनं तोंडाला पदर लावला.

"मावशी, नक्की तीच टाकी?" मी विचारलं.

"रंग दिलाय भगवा. पन कान तेच हायेत टाकीला. मी काय आंधळी हाये?" असं म्हणून ती एकदम थांबली आणि सुनेकडं बघायला लागली.

मी सरिताला म्हटलं, "बाई, पुढच्या आठवड्यात परत वेळ घेऊ."

"भाऊजी, कडं घातल्यापासून डोकं कमी ठणकतंय."

"दुपारून गोळ्या खाते म्हून," म्हातारी म्हणाली. "पत्ते सापडत्यात मला गादीखाली."

सरिताचा चेहरा उतरला. "गोळ्या आधी पण खायचे. तेव्हा गुण यायचा का?" मग माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "तुमचा पण हात उठला होता, भाऊजी. मी पाहिलं."

मी पिशवी उचलून निघालो.

मुकुंदवाडीला परत येताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. टाकीत जनावराच्या डॉक्टरचा द्रव नायट्रोजन असेल, तर चुंबक उठायलाच नको होता. हे मला कुठून ठाऊक? मंजुषानं सांगितलेलं.

तिचा अभ्यास या तारांचाच होता. सुट्टीत ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जायची, तिथल्या भट्टीवर तारा तापवायची आणि आल्यावर मला पोळ्या लाटता लाटता सांगायची. म्हणायची, "अहो, तुमची तार एकच तांबं. माझ्या तारेत तांब्याच्या आत केसाहून बारीक हजारो धागे असतात. नायोबियम आणि टायटॅनियम या दोन धातूंचे. ती ओढून बारीक करायची, मग भट्टीत ठेवायची, परत ओढायची, परत भट्टीत." मी विचारलं, भट्टीत ठेवून होतं काय? तिनं वड्यांचा पाक दाखवला. ती म्हणाली, "कमी तापवला तर वडी बसत नाही. जास्त तापवला तर दगड होतो. तसंच हे. बरोबर चारशेच्या आसपास, आणि घाई न करता बराच वेळ ठेवलं, तर त्या धाग्यांच्या आत टायटॅनियमचे बारीक कण वेगळे होतात. ते कण चुंबकाच्या जोराला आत धरून ठेवतात, सरकू देत नाहीत. मग त्या तारेतून भरपूर वीज जाते, आणि तार जराही गरम होत नाही. कमी तापवली तर कण पुरेसे होत नाहीत. लाल होईपर्यंत तापवली तर कण विरघळतात, सगळी मेहनत वाया."

आणि पुढं ती नेहमी एक सांगायची. "हे सगळं भयंकर थंडीत. द्रव हेलियमच्या थंडीत. नायट्रोजन तिला पुरत नाही. नायट्रोजनमध्ये माझी तार म्हणजे तुमचीच तांब्याची तार."

स्वतःच्या तपासणीला एमआरआयमध्ये जाताना ती मला म्हणाली होती, "काळजी करू नका. आत माझ्याच जातीच्या तारा आहेत. ओळखीच्या घरी चाललेय."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या कॉलेजात गेलो. सदफ तिची विद्यार्थिनी, आता तिच्याच जागेवर शिकवते. मला बघून ती उठली. "काका, बैठो ना. चहा सांगते."

मी सगळं सांगितलं. होमात लाल केलेली तार म्हणताच तिनं कपाळाला हात लावला.

"लाल? मॅडम असत्या तर मारलं असतं त्याला. भट्टीचं तापमान जरा हाललं तरी त्या आम्हाला परत सगळं करायला लावायच्या."

"पण चुंबक उठला, सदफ. मी बघितला."

"उठला असेल. तारेनं उठवला हे कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "आधी त्यानं पाणी ओतलं, बरोबर? आणि नंतर नायट्रोजन?"

"हो."

"मॅडम पहिल्या तासाला काय शिकवायच्या माहितीये? एका वेळी एकच गोष्ट बदला. ह्यानं दोन बदलल्या. तार तापवली, आणि पाणीपण बदललं. मग काय कशामुळं झालं ते कसं कळणार? लोकांनी बघितली तार. कारण तो तारेबद्दलच बोलत होता." मग ती म्हणाली, "कुठल्या दिवशी आहे पुढचं? मी येते."

"तुला त्रास होईल, बेटा. तिथं लोक कसेही बोलतात."

"मॅडमचा विषय काढला ना त्यानं? मग येते."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. गर्दी तेवढीच; अप्पाराव, सरिता, दगडाबाईही आले होते. तीच कच्ची तार, तेच गंगाजल, तोच होम. सदफ मागं बायांमध्ये बसली होती. हिमगंगा ओतली गेली, धूर सांडला, चुंबक उठला, जयजयकार झाला. त्यातच ती उभी राहिली.

"महाराज, एक विचारू?"

"विचार, बेटी. अज्ञानातूनच ज्ञान होतं."

"चुंबक तारेमुळं तरंगतो ना?"

"अग्निसिद्ध तारेमुळं."

"मग तार काढून दाखवा. तार काढल्यावर तो पडला पाहिजे."

इतकी साधी गोष्ट. मग महाराज हसले. "बेटी, तुझं नाव काय?"

"सदफ."

"सदफ," ते माइकमध्ये सावकाश म्हणाले आणि लोकांकडं बघत राहिले. त्यांना पुढं काहीच बोलावं लागलं नाही. मागून दोन-चार पोरं उठली. "ओ बाई, तुमच्यात जाऊन विचारा!" कुणीतरी तिच्या पिशवीला हिसका दिला. मी मधे गेलो, तर मलाच धक्का बसला. अप्पाराव माझा दंड धरून दातओठ खात म्हणाला, "साडूभाऊ, हिला कशाला आनलं? मला ह्या गावात धंदा करायचाय."

तेवढ्यात दगडाबाई उठली. काठी टेकत, बायांच्या पायांवर पाय देत ती थेट टेबलापाशी गेली.

"नाव इचारून काय करतो रे? सोयरीक करायची का?" ती म्हणाली. "पोरीनं वाटीतलं इचारलं, तू वाटीतलं सांग."

बाया हसल्या. महाराजांचा आवाज चढला. "माते, सिद्ध तारेला हात लावशील तर जागच्या जागी भस्म होशील!"

"व्हऊ दे. तेवढीच लाकडं वाचतील."

तिनं हात पुढं केला. सदफ ओरडली, "मावशी, हात नका घालू! थंडीनं भाजतं ते!" आणि गर्दीतून वाट काढत पुढं गेली. पिशवीतून लाकडी चिमटा काढून तिनं म्हातारीच्या हातात दिला. आता म्हातारीला कुणी अडवेना. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर सत्तरीच्या बाईला ढकलायची कुणाची हिंमत नव्हती.

दगडाबाईनं चिमट्यात तारेचं वेटोळं धरलं आणि हळूहळू वर उचललं. चुंबकाच्या भोवतीनं ते वर आलं. पांढरं पडलेलं, धूर सोडत. तिनं ते टेबलाच्या कडेला ठेवलं.

चुंबक होता तिथंच होता. तरंगत.

"पडला नाय," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

"पडला नाय!" मागंही आवाज गेला.

दगडाबाईनं आता ताम्हनाच्या तळाशी चिकटवलेल्या लाल कापडाला चिमटा लावला. कापड कडक होऊन कुरकुरलं आणि फाटलं. खाली एक काळी चकती होती, कॅरमच्या सोंगटीपेक्षा थोडी मोठी. सदफनं माइक मागितला नाही, नुसत्या आवाजात बोलली.

"ही चकती चिनी मातीसारख्या पदार्थाची असते. आमच्या कॉलेजात अशीच आहे, पोरांना दाखवायला विकत मिळते. टाकीत आहे तो द्रव नायट्रोजन, गाई-म्हशींच्या डॉक्टरकडं असतो तोच. त्यात बुडवली की ही चकती चुंबकाला वर धरते. होम नको, मंत्र नको, तार नको. आधी पाणी ओतलं होतं, पाण्यात ही चकती काही करत नाही, म्हणून चुंबक बसून राहिला. बदललं ते पाणी. तुम्हाला सांगितलं, तार बदलली."

"अन मशीनीतली तार?" कुणीतरी विचारलं.

"ती खरी आहे. पण ती मोजून तापवतात, होमात लाल करत नाहीत. आणि हेलियमच्या थंडीत ठेवली तरच ती काम करते. तुमच्या मनगटाच्या उबेत कुठलीच तार काही करत नाही."

महाराजांनी "माझ्या साधनेत विघ्न आलं" असं म्हणून माइक ठेवला. शिष्यांनी टाकी उचलली. काही लोक तिथंच कडी मोडून टाकायला लागले, काही जण सदफला शिव्या देत होते, आणि बरेच जण कड्यावर हात झाकून चुपचाप बाहेर पडले. त्यांत सरिता होती.

मला वाटलं होतं, आता झालं. पण घरी आलो तर ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती आणि कडं हातातच होतं.

"बाई, आता तरी काढ."

"महाराज लबाड निघाला. मान्य आहे," ती म्हणाली. "पण भाऊजी, ताई लबाड नव्हती. ताईला तर सगळं येत होतं. तारा, मशीन, डॉक्टर, सगळं. ती गेली त्या मशीनीत, आणि काय झालं? तुमच्या सायन्सनं तिला वाचवलं का?"

अप्पाराव दारात उभा होता. दगडाबाई शेगडीपाशी. सगळे माझ्याकडं बघत होते.

"नाही वाचवलं," मी म्हटलं.

आणि मग मला जे येत होतं ते बोललो. "डॉक्टर हरले, सरिता. गाठच वाईट होती. पण मशीन खोटं बोललं नाही. पहिल्या दिवशी जे दिसलं ते त्यानं दाखवलं, कुठं आहे, केवढी आहे. शेवटपर्यंत मंजुषाला तेवढी एकच गोष्ट खरं सांगत होती. बाकी सगळे, मीसुद्धा, बरं होईल म्हणत होतो. ती म्हणायची, 'अहो, मला फोटो दाखवा, तुम्ही नका सांगू.' तुझ्या डोक्यात काय आहे ते मला ठाऊक नाही. तिच्यासारखंच असेल असं कशावरून? नसेलही. पण ते कड्याला विचारून कळणार नाही."

ती हातातल्या कड्याकडं बघत राहिली.

"आणि माझा हात उठला होता, ते खरं आहे. मला वाटलं, ती बोलेल. मला अजून वाटतं. म्हणून ते खरं होत नाही."

ती म्हणाली, "तुम्ही आत याल?"

"आत येऊ देत नाहीत. दाराशी बसेन."

शहरात त्याच ठिकाणी, तीच पोरगी. सरितानं कानातलं काढलं, जोडवी काढली, मंगळसूत्र काढलं. मग कड्याला हात घातला. मनगट सुजलं होतं आणि कडं निघेना. माझ्या पिशवीत दुकानाचा कटर असतो. मी म्हटलं, "डोळे मिट." तिनं मान वळवली. मी तार कापली. कट असा आवाज झाला, बाकी काही झालं नाही.

ती आत गेली. दार बंद झालं. मी बाकावर बसलो आणि तारेचं कापलेलं टोक माझ्या वाइंडिंगच्या भिंगाखाली धरलं. आत धागे नव्हते. आरपार साधं तांबं. मोटारीला वापरतो तसलं, तेही हलक्या प्रतीचं. आतून ठक् ठक् आवाज सुरू झाला. मंजुषाच्या वेळी ऐकला होता तोच. मी कान झाकले नाहीत.

सरिताची गाठ मेंदूच्या आवरणावर होती. कॅन्सरची नव्हती. डॉक्टरांनी ती काढली. सरिता चालते, बोलते, दगडाबाईशी भांडते. पण डावा डोळा परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर डोळा बराच वाचला असता. आम्ही जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली आहे. महाराज जामिनावर सुटला. परवा दुकानात मोटार घेऊन आलेल्या एका माणसानं त्याला जळगाव जिल्ह्यात पाहिलं. आता म्हणे ताम्हन खोल आहे आणि तळ दिसत नाही. त्या माणसाच्या मनगटात कडं होतं. मी त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, मोटार घेतली आणि कडं न काढता गेला.

म्हणून हे लिहिलं. मी शिकलेला माणूस नाही आणि मला भाषण येत नाही. एवढंच सांगतो. तुम्हाला कुणी हवेत काही तरंगवून दाखवलं, कुणाचं दुखणं राखेनं, पाण्यानं, तारेनं गेलं म्हणून सांगितलं, तर त्याच्याशी वाद घालू नका, पायाही पडू नका. त्याला म्हणा, तार काढून परत दाखवा. खरं असेल तर दाखवेल. चिडला, भस्म करीन म्हणाला, तुमचं नाव विचारलं, तर समजून घ्या की वाटीच्या तळाशी दुसरंच काहीतरी आहे. आणि दुखत असेल तर मनगटावर काही बांधायच्या आधी डॉक्टरकडं जा. तिथंही सगळे वाचत नाहीत. माझी मंजुषा वाचली नाही. पण तिथं निदान खरं काय ते कळतं, आणि सरिताच्या वेळी तेवढं थोडं आधी कळलं असतं, तर आज ती मला दोन्ही डोळ्यांनी बघत असती.